आजचं मनन: फिलिप्पै २:२५-३० आणि ४:१५-१८

आमच्या मंडळीच्या मिशन फंडाला माझ्या खात्यातून दर महिन्याला आपोआप पैसे जातात. एकदा सेट केलं आणि विसरलो. (इंजिनिअरची सवय!) पण आज या वचनांपाशी अडलो. पौल बंदिवासात असताना फिलिप्पैच्या मंडळीने नुसतं दान पाठवलं नाही. ते घेऊन एपफ्रदीत स्वतः गेला, आणि त्या सेवेत मरता मरता वाचला. मासेदोनियातल्या या मंडळ्या काही श्रीमंत नव्हत्या, २ करिंथ ८:२ पाहा.

माझे पैसे ज्या सुवार्तिकाला जातात, त्याचं नावही मला ठाऊक नव्हतं. पाळकसाहेबांकडून नंबर घेतला, फोन केला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "भाऊ, तुमच्यासाठी काय प्रार्थना करू?"

मला उत्तरच सुचेना.