एअरबॅगचा दिवा विझवू नका, दोष शोधा

आमचा धंदा कापडाचा. दुकानात शर्टिंग-सुटिंगबरोबर गाड्यांच्या सीट कव्हरचे कापड आणि रेक्झिनही विकले जाते. अशा माणसाने मोटारीच्या वायरिंगवर का लिहावे, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण आधी सांगतो.

काही दिवसांपूर्वी आमच्याच गाडीला आमच्याच दुकानातल्या कापडाची नवी कव्हरे बसवली. तिसऱ्या दिवशी डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागला, तो विझेना. पहिला गॅरेजवाला म्हणाला, ‘‘बॅगच गेली, बदलावी लागेल.’’ त्याने सांगितलेली रक्कम ऐकून घाम फुटला. दुसरा म्हणाला, ‘‘शेठ, बॅग कशाला बदलता? मीटर खोलून दिवाच बंद करतो.’’ तिसऱ्या ठिकाणी एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन भेटले. त्यांनी टॉर्च घेऊन आधी सीटखाली पाहिले. कव्हरचे इलॅस्टिक एका पिवळ्या कनेक्टरला अडकून तो अर्धवट सुटला होता. नियमाप्रमाणे बॅटरी काढून त्यांनी तो बसवला, स्कॅनरने नोंद पुसली आणि दिवा विझला. बॅग शाबूत होती.

त्या उस्तादांजवळ बसून जे समजून घेतले ते आपल्या कारागीर बंधूंच्या उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे. आपल्या समाजातील कितीतरी घरे गॅरेज, ऑटो इलेक्ट्रिक, सीट कव्हर आणि जुन्या गाड्यांच्या व्यवहारावर चालतात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलमध्ये शेजारच्या सीटसाठीही ती आवश्यक ठरली. आता याच गाड्या सेकंड हँड होऊन आपल्या दारात येत आहेत. हे काम टाळून चालणार नाही आणि अर्धवट माहितीवर करूनही चालणार नाही.

व्यवस्था कशी चालते?

गाडीच्या मध्यभागी, बहुधा गिअरच्या पुढे-मागे, एअरबॅगचा कंट्रोल युनिट असतो. पुढच्या व बाजूच्या सेन्सरकडून त्याला धक्क्याची खबर मिळते. धक्का मोठा असेल तर तो बॅगेच्या इग्नायटरला करंट देतो, त्यातील रसायन पेटते आणि गॅसने बॅग फुगते. हे सारे डोळ्याची पापणी लवण्याच्या आत होते. सीट बेल्ट आवळणारे प्रीटेन्शनरही याच युनिटवर चालतात. या व्यवस्थेच्या तारा आणि कनेक्टर बहुतेक गाड्यांत पिवळ्या रंगाचे असतात. पिवळा रंग दिसला की हात आखडता घ्यावा.

इग्नायटरचा रेझिस्टन्स साधारण दोन ओहमच्या आसपास असतो. युनिट अत्यंत अल्प करंट सोडून तो सतत तपासत असतो. आकडा वाढला तर सर्किट तुटले किंवा सैल झाले, फार कमी झाला तर शॉर्ट झाले, असे तो समजतो. तार बॉडीला लागली किंवा तिच्यात बॅटरीचा करंट शिरला तर तेही त्याला कळते. म्हणजे दोन ओहमच्या सर्किटमध्ये कनेक्टरच्या पिनवर थोडा गंज आला तरी दिवा लागू शकतो. म्हणूनच बॅगेवर संशय घेण्यापूर्वी जोड तपासावेत.

दिवा काय सांगतो?

किल्ली फिरवली की हा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागूनच राहिला तर दोष आहे. तो अजिबात लागलाच नाही, तर तोही दोषच आहे. जुनी गाडी घेणाऱ्याने ही दुसरी गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दिवा लागत नाही म्हणजे गाडी ठीक आहे असे नव्हे. कोणी तो काढून टाकला असण्याचा संभव आहे.

हात लावण्यापूर्वी

१) किल्ली बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी आणि थांबावे. बॅटरी काढली तरी युनिटच्या कपॅसिटरमध्ये बॅग उडवण्याइतकी वीज काही काळ शिल्लक असते. किती थांबायचे ते गाडीगणिक बदलते. कुठे एक मिनिट, कुठे त्याहून बरेच जास्त. त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असेल तेवढे थांबावे.

२) बॅगेच्या टर्मिनलला मीटर किंवा टेस्ट लॅम्प कधीही लावू नये. ओहम मोजताना मीटर स्वतःचा करंट सोडतो. इग्नायटर पेटायला एक-सव्वा अँपिअर करंट क्षणभर पुरतो. टेस्ट लॅम्पने तर घातच होईल.

३) काढलेली बॅग धरताना तिचे तोंड अंगापासून दूर असावे आणि टेबलावर ठेवताना कव्हरची बाजू वर असावी. पालथी ठेवलेली बॅग उडाली तर ती स्वतःच गोळ्यासारखी वर फेकली जाते.

४) काम संपल्यावर पहिल्यांदा किल्ली फिरवताना गाडीत कोणी बसू नये. बाहेर उभे राहून, बॅगेच्या समोर न येता किल्ली फिरवावी.

दोष शोधण्याचा क्रम

पहिले काम विचारण्याचे. दिवा केव्हापासून लागला? त्याआधी सीट कव्हर, म्युझिक सिस्टीम, स्टिअरिंगचे काम, आतून धुलाई, पाणी शिरणे, टक्कर यांपैकी काही झाले होते का? बॅटरी उतरली होती का? निम्मा दोष मालकाच्या उत्तरातच सापडतो.

दुसरे काम स्कॅनरचे. फक्त इंजिनाचे कोड वाचणारे स्वस्त यंत्र येथे उपयोगाचे नाही. एअरबॅग युनिटशी बोलणारा स्कॅनर हवा. एका दुकानाला तो परवडत नसेल तर शेजारच्या तीन-चार गॅरेजवाल्यांनी भागीदारीत घ्यावा. कोड मिळाला की लगेच पुसू नये, आधी कागदावर उतरवून घ्यावा. दोष आत्ता हजर आहे की जुनी नोंद आहे, हेही पाहावे. आणि ध्यानात ठेवावे की कोड सर्किटचे नाव सांगतो, खराब पार्टचे नव्हे. ‘चालक बॅग, रेझिस्टन्स जास्त’ याचा अर्थ बॅग खराब असा नाही. युनिटपासून बॅगेपर्यंत कुठेही खराबी असू शकते.

तिसरे काम डोळ्यांचे. कोड बाजूच्या बॅगेचा किंवा बेल्टचा असेल तर सीटखालचे कनेक्टर पाहावेत. सीट पुढे-मागे सरकते, पाय लागतो, पाणी सांडते; त्यामुळे दोष येथे वारंवार निघतो. लॉक पूर्ण बसला आहे का, पिन वाकली किंवा हिरवी पडली आहे का, तार सीटच्या रेलमध्ये चिरडली आहे का, हे पाहावे.

कोड चालकाच्या बॅगेचा असेल तर हॉर्न वाजवून पाहावा. हॉर्न आणि स्टिअरिंगवरची बटणेही बंद असतील तर बहुधा स्टिअरिंगखालची गुंडाळीची पट्टी, जिला क्लॉक स्प्रिंग म्हणतात, ती तुटली आहे. स्टिअरिंग वळवताना दिवा लागत असेल तर संशय आणखी पक्का. नवी पट्टी बसवताना चाके सरळ आणि पट्टी बरोबर मध्यावर असली पाहिजे. नाही तर एका बाजूला पूर्ण वळवताच ती तुटेल.

चौथे काम बदलून पाहण्याचे. बॅटरी काढून, ठरलेला वेळ थांबून, बॅगेच्या जागी कंपनीने सांगितलेल्या मूल्याचा, बहुधा दोन ओहमच्या आसपासचा, रेझिस्टर जोडावा आणि पुन्हा कोड वाचावा. दोष गेला तर तो बॅगेत किंवा तिच्या जोडात आहे. दोष कायम राहिला तर तार, पट्टी किंवा युनिट पाहावा. तार मीटरने तपासायची तर दोन्ही टोके सोडवलेली असावीत. येथे एक गफलत होते. सुरक्षेसाठी अनेक पिवळ्या कनेक्टरमध्ये अशी पत्ती असते की कनेक्टर सोडवला की दोन पिना आपोआप एकमेकींना जोडल्या जातात. नवा कारागीर मीटरवर शून्य पाहून ‘तार शॉर्ट आहे’ म्हणतो आणि चांगली वायरिंग फाडतो. ती पत्ती मॅन्युअलप्रमाणे वेगळी करूनच मोजावे.

दुरुस्ती झाल्यावर रेझिस्टर काढून मूळ बॅग जोडावी, कोड पुसावा, गाडी थोडी चालवून पुन्हा वाचावा. मगच गाडी मालकाच्या ताब्यात द्यावी.

हा अमानतीचा सवाल आहे

यंत्रमागावर बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबण्याची सोय असते. कंटाळलेल्या कारागिराने ती सोय बांधून ठेवली तर माग चालत राहतो, पण कापड बिघडते. कापडाचे नुकसान फार तर मीटरवर मोजता येते. एअरबॅगचा दिवा काढणे, तो दुसऱ्या दिव्याच्या तारेला जोडणे किंवा तपासणीचा रेझिस्टर कायमचा ठेवून देणे हे त्याच जातीचे काम आहे. फरक एवढाच की येथे नुकसान माणसाच्या जिवाचे होते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. विझवलेल्या दिव्याची गाडी विकणे म्हणजे ओल्या धान्यावर कोरडे धान्य पसरणेच होय.

भंगारातली जुनी बॅग बसवण्याचाही मोह आवरावा. ती किती उष्णता व दमट हवा खाऊन आली हे बाहेरून दिसत नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या बॅगांचे इन्फ्लेटर उष्ण व दमट हवेत बिघडून फुटल्याने अनेक देशांत माणसे दगावली आणि २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली. एवढा धडा पुरेसा आहे.

सीट कव्हरवाल्यांसाठी

शेवटी आमच्याच धंद्याविषयी. ज्या सीटच्या कडेला ‘एअरबॅग’ अशी पट्टी शिवलेली असते, तेथून बाजूची बॅग शिवण फाडून बाहेर येते. चारी बाजूंनी बंद, जाड रेक्झिनचे कव्हर तिची वाट अडवते. आम्ही कित्येक वर्षे असे कापड गिऱ्हाइकाला काही न विचारता दिले, हे कबूल करतो. उस्तादांनी आमच्याच सीटवरची ती पट्टी कव्हराखाली दाबलेली दाखवली तेव्हा मान खाली गेली. ती कव्हरे त्याच दिवशी उतरवली.

आता दुकानात पहिला प्रश्न हाच असतो की सीटमध्ये बॅग आहे का? असेल तर कडा मोकळी सोडलेले किंवा त्या गाडीसाठी खास बनवलेले कव्हरच घ्या, नाही तर कव्हर घालू नका, असे सांगतो. काही गिऱ्हाइके परत जातात. रोजी देणारा अल्लाह आहे. कव्हर बसवणाऱ्या कारागिरांनीही हुक व इलॅस्टिक पिवळ्या तारेपासून दूर बांधावे आणि काम संपल्यावर किल्ली फिरवून दिवा लागून विझतो की नाही, हे गिऱ्हाइकासमोर दाखवावे.

अल्लाह आपल्या हातांना हुनर आणि व्यवहाराला सचोटी देवो. आमीन.