वाळवंटातील एकोपा आणि तेलाचे राज्य



समाजशास्त्रातील जुने-नवे सिद्धांत नुसते पाठ करून समजत नाहीत. ते एखाद्या समाजाला लावून पाहावे लागतात. ह्या पाठासाठी आम्ही सौदी अरेबिया घेतला आहे.

ट्यूनिस येथे १३३२ साली जन्मलेल्या इब्न खल्दूनने १३७७ मध्ये 'मुकद्दिमा' लिहिला. त्यातील मुख्य शब्द 'असबिया'. रक्ताच्या नात्यातून आणि एकत्र सोसलेल्या हालअपेष्टांतून येणारा एकोपा, असा त्याचा अर्थ. त्याला धर्माची जोड मिळाली की टोळ्यांचे राज्य उभे राहते. पुढे शहरी सुखात एकोपा विरतो आणि साधारण तीन पिढ्यांत, म्हणजे १२० वर्षांत, राज्य मोडते.

आता पडताळा पाहू. १७४४ साली दिरिया येथे मुहम्मद इब्न सौद ह्या सरदाराने धर्मोपदेशक मुहम्मद इब्न अब्दुल वहाब याच्याशी करार केला. ते राज्य १८१८ मध्ये बुडाले. १९०२ साली त्याच घराण्यातील अब्दुलअझीझने रियाध घेतले व १९३२ मध्ये सौदी अरेबियाचे राज्य जाहीर केले. इथवर इब्न खल्दून पटतो.

१९२९ साली साबिलाच्या लढाईत मात्र अब्दुलअझीझने आपल्याच बंडखोर इखवान लढवय्यांचा मोड केला. येथे माक्स वेबर उपयोगी पडतो: आवेशावर उभे राहिलेले राज्य पुढे रोजच्या कारभारात बसवावे लागते.

१९०२ पासूनची १२० वर्षे २०२२ मध्ये भरली, तरी राज्य टिकले. का? १९३८ साली दम्मामला भरपूर तेल लागले. आपले शनवार तेली पूर्वज घाण्यावर घाम गाळीत. हे तेल म्हणजे जमिनीचे भाडेच! हुसेन महदवी यांनी १९७० मध्ये इराणच्या अभ्यासातून 'भाडेखाऊ राज्या'चा सिद्धांत मांडला. पुढे इतरांनी त्यात भर घातली, ती अशी: सरकार कर घेत नाही, म्हणून प्रजा हिशेब मागत नाही. पण सौदीत २०१८ साली ५ टक्के मूल्यवर्धित कर आला आणि २०२० मध्ये तो १५ टक्के झाला. तेव्हा हा सिद्धांतही पुन्हा तपासावा लागेल.

विचारासाठी प्रश्न: कष्टात जुळलेला एकोपा सुखात टिकतो का? कोकणातून मुंबईस आणि तेथून परदेशी आलेल्या आपल्या कुटुंबांनाही तो लागू आहे. नातवंडांना जवळ बसवून त्यांचे उत्तर अवश्य ऐकावे.