इथेनॉलमिश्रित पेट्रोल स्वस्त कां नाहीं?

आमच्या बहुतेक वाचकांचा या प्रश्नाशीं दुहेरी संबंध आहे. त्यांच्या उसापासून इथेनॉल होतें, आणि तें मिसळलेलें पेट्रोल त्यांनाच आपल्या मोटारसायकलींत भरावें लागतें. मिश्रण करूनहि पेट्रोल स्वस्त होत नाहीं याचा दोष पुष्कळदां ऊसवाल्यांच्या माथीं मारला जातो. म्हणून हा हिशेब एकदां कागदावर मांडून पाहणें इष्ट आहे.

आपल्या देशांत शेंकडा ५ इथेनॉल मिसळण्यास २००३ सालीं कांहीं राज्यांत आरंभ झाला. २०२२ सालीं हें प्रमाण शेंकडा १० व २०२५ सालीं शेंकडा २० झालें.

प्रथम खरेदीचा भाव घेऊं. एक टन उसाच्या रसापासून सुमारें ७० लिटर इथेनॉल मिळतें. २०२४-२५ च्या हंगामांत उसाचा रास्त व किफायतशीर दर सव्वादहा टक्के उताऱ्यास टनामागें ३४०० रुपये होता. म्हणजे लिटरमागें नुसत्या उसाचेच सुमारें साडेअठ्ठेचाळीस रुपये झाले. गाळप, आंबवणें, ऊर्ध्वपातन व कर्जाचें व्याज हे खर्च निराळे. त्या वर्षीं रसाच्या इथेनॉलास ६५ रुपये ६१ पैसे व मक्याच्या इथेनॉलास ७१ रुपये ८६ पैसे भाव ठरला होता. सर्व प्रकारचें इथेनॉल वाहतूक व करासह तेलकंपन्यांस सरासरी ७१ रुपये ३२ पैशांस पडतें, व तें शुद्ध पेट्रोलच्या मूळ किंमतीहून महाग आहे, असें केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयानें २०२५ सालीं सांगितलें.

लोकांची चूक होते ती येथेंच. पंपावरील दरांत केंद्राचें उत्पादनशुल्क, राज्याचा मूल्यवर्धित कर व विक्रेत्याचें कमिशन हीं सर्व मिळविलेलीं असतात. त्या दराची तुलना कारखान्याच्या दारांतील इथेनॉलच्या भावाशीं करणें म्हणजे बाजारांतील पिठाची खळ्यावरील गव्हाशीं तुलना करणें होय.

दुसरी गोष्ट शक्तीची. एक लिटर इथेनॉलची उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारें दोनतृतीयांश असते. म्हणून १०० लिटर मिश्रणांत सुमारें ९३ लिटर पेट्रोलइतकीच उष्णता असते. मात्र सर्व वाहनांस सारखी तूट येत नाहीं. नीति आयोगाच्या तज्ज्ञ समितीनें २०२१ सालीं जुन्या धाटणीच्या चारचाकींस शेंकडा ६ ते ७ व दुचाकींस ३ ते ४ तूट येईल असा अंदाज केला होता. नव्या मिश्रणास जुळविलेल्या चारचाकींस ती १ ते २ च येते. ही तूट भरून निघावी म्हणून मिश्रणाचा दर कमी असावा, असेंहि त्या समितीनें सुचविलें होतें. परंतु इथेनॉलच महाग पडूं लागल्यावर ती सूचना कागदावरच राहिली.

आतां आपल्या हिताची गोष्ट. उसाचा दर २०२२-२३ मध्यें टनास ३०५० रुपये होता, तो २०२५-२६ करितां ३५५० झाला. रसाच्या इथेनॉलचा भाव मात्र २०२२-२३ पासून २०२४-२५ पर्यंत एका पैशानेंहि हालला नाहीं. उद्यां वाहनवाल्यांच्या समाधानार्थ तो उतरविला, तर त्याची झळ कारखान्यांतून आपल्याच ऊसबिलास लागेल, हें विसरतां कामा नये.

म्हणून इथेनॉलनें पेट्रोल स्वस्त होईल असें आपण कोणासहि सांगूं नये. त्याचा खरा लाभ परदेशी तेलावरील खर्च कमी होण्यांत व उसास एक जादा गिऱ्हाईक मिळण्यांत आहे. वाहनवाल्यांस दिलासा द्यावयाचा तर तो करांतून द्यावा, ऊसवाल्याच्या पदरांतून नव्हे. आपल्या हातीं आहे तें एवढेंच कीं, त्याच पाण्यांत व त्याच खतांत एकरीं अधिक टन ऊस काढणें.