जुना लॅपटॉप मंद झाला असतां करावयाची देखभाल

बैल थकला म्हणून कोणी शहाणा शेतकरी त्यास लागलीच बाजारास नेत नाहीं. प्रथम तो त्याचे खूर पाहतो, जूं मानेस घांसतें कीं काय तें पाहतो, वैरणींत कांहीं उणें पडलें काय याचा विचार करतो. यंत्राच्या बाबतींत मात्र आपण असा धीर धरीत नाहीं. हल्लीं पुष्कळ सोसायट्यांच्या कचेरींत व शेतकऱ्यांच्या घरीं लॅपटॉप आला आहे. सभासदांचे हिशेब, सात-बाराचे उतारे, बाजारभाव, पीकविम्याच्या पावत्या हीं सर्व कामें त्यावर होतात. पांच-सात वर्षांनीं तो मंद होतो, आणि मग नवा घेण्याचा ठराव बैठकीपुढें येतो. आमच्या मंडळापुढेंही असाच ठराव आला होता. तो तहकूब करून आम्हीं जी देखभाल केली तिचा क्रम, व तींत आमच्या हातून घडलेली एक चूक, वाचकांच्या उपयोगासाठीं येथें देत आहों.

१. प्रथम निदान

रोग कळल्यावांचून औषध देऊं नये. विंडोज प्रणाली असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या असतां 'टास्क मॅनेजर' उघडतो. त्यांत प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांवर किती भार आहे तें दिसतें. विशेष कांहीं काम चाललें नसतांही डिस्क बराच वेळ शंभर टक्के गुंतलेली दिसल्यास दोष बहुधा जुन्या फिरत्या डिस्कचा असतो. मेमरी सदा भरलेली दिसल्यास ती कामाच्या मानानें अपुरी आहे. आणि यंत्र सकाळीं बरें चालून तासाभरानें गरम व मंद होत असल्यास धुळीचा संशय घ्यावा.

२. नक्कल आधीं, उपचार नंतर

कोणत्याही उपचारास हात घालण्यापूर्वीं सर्व महत्त्वाच्या कागदांची नक्कल बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, व ती उघडून पाहावी. जुन्या डिस्कमधून टकटक असा आवाज येऊं लागला असेल तर इतर सर्व कामें बाजूस ठेवून हें एकच काम त्या दिवशीं करावें. अशी डिस्क पूर्वसूचना न देतां बंद पडते.

३. धूळ व उष्णता

खेड्यांतील कचेरींत मळणीचा भुसा, कापसाची तूस व रस्त्याची माती यांना तोटा नाहीं. लॅपटॉपमधील लहान पंखा ही सर्व धूळ आंत ओढतो, व ती पंखा आणि हवा बाहेर पडण्याची जाळी यांच्यामध्यें नमद्यासारखी साचते. मग आंतील उष्णता बाहेर पडत नाहीं. उष्णता मर्यादेबाहेर गेली कीं प्रोसेसर स्वतःच्या रक्षणार्थ आपला वेग आपणच कमी करतो. आपणांस वाटतें कीं यंत्र म्हातारें झालें. वास्तविक तें गुदमरलेलें असतें.

सफाईपूर्वीं यंत्र पूर्ण बंद करावें, चार्जर काढावा व बॅटरी सुटी होत असल्यास तीही काढावी. मऊ कोरड्या कुंचल्यानें जाळी झाडावी. डब्यांतील दाबाची हवा मिळाल्यास ती थोडी थोडी मारावी, आणि त्या वेळीं पंख्याचीं पातीं काडीनें हलकेंच अडवून धरावीं. नाहीं तर तीं भलत्याच वेगानें फिरून पंखा बिघडतो. टायरच्या दुकानांतील पंपाची हवा मारूं नये. तिचा दाब फार असतो व तींत पाण्याचे कण असतात. प्रोसेसर व त्यावरील धातूची पट्टी यांमधील उष्णतावाहक लेप कांहीं वर्षांनीं वाळतो. तो बदलणें हें जाणत्या कारागिराचें काम आहे. लॅपटॉप गोधडीवर किंवा गादीवर ठेवून वापरूं नये, कारण हवेच्या वाटा खालच्या बाजूस असतात.

बॅटरी फुगून झांकण किंवा कळांचा भाग वर उचलला गेल्यास यंत्र तत्काळ बंद करावें. ती बॅटरी टोंचूं नये, जाळूं नये, उकिरड्यावर टाकूं नये. ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावी.

४. आंतील अडगळ

यंत्र सुरू होतांच आपोआप सुरू होणारे कार्यक्रम टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' विभागांत दिसतात. त्यांतील अनावश्यक तेवढे बंद करावे. विषाणुरोधक मात्र चालू ठेवावा. दोन विषाणुरोधक एकाच वेळीं ठेवूं नयेत. ते एकमेकांच्या कामांत अडथळा करतात. विंडोजमध्यें येणारा रोधक सामान्य कामास पुरतो. 'वेग वाढवून देतों' असें सांगणारीं फुकट साधनें घेऊं नयेत. पुष्कळदां तींच नवी अडगळ होऊन बसतात. ब्राउझरमधील निरुपयोगी जोडण्या काढाव्या. तसेंच आठवड्यांतून एकदां 'रीस्टार्ट' करावें. विंडोज १० व ११ मध्यें जलद सुरुवातीची सोय चालू असल्यास नुसत्या 'शट डाउन'नें प्रणाली सर्वस्वीं नव्यानें सुरू होत नाहीं, रीस्टार्टनें होते.

डिस्कवर जागा मोकळी करण्यासाठीं सेटिंग्जमधील 'स्टोरेज' विभागांत तात्पुरत्या फायलींची यादी असते. आमची चूक येथेंच झाली. त्या यादींत 'डाउनलोड्स' हेंही एक नांव असतें. तींत जागा पुष्कळ अडली आहे असें पाहून आम्हीं तेथें खूण केली व सर्व पुसून टाकलें. अशा रीतीनें पुसलेल्या फायली कचरापेटींतही जात नाहींत. सभासदांचे उतारे व विम्याच्या पावत्या त्याच कप्प्यांत होत्या, आणि नक्कल घ्यावयाची राहिली होती. उतारे पुन्हा मिळविण्यांत दोन दिवस गेले. परंतु कांहीं सभासदांनीं स्वहस्तें लिहून दिलेल्या व आम्हीं छायाप्रत करून ठेवलेल्या संमतिपत्रांसाठीं पुन्हा घरोघर जावें लागलें. त्यांतील एका वृद्ध सभासदाचें त्यापूर्वींच देहावसान झालें होतें. तें पत्र कायमचें गेलें. म्हणून दुसऱ्या कलमांतील नियम वाचकांनीं केवळ उपचार समजूं नये.

५. भाग बदलणें

एवढ्यानेंही गुण न आल्यास डिस्क बदलावी. जुन्या लॅपटॉपमधील डिस्क बहुधा मिनिटास ५,४०० फेरे फिरते, व तिचा वाचक-कांटा प्रत्येक नोंद शोधीत इकडून तिकडे हिंडतो. एसएसडीमध्यें फिरणारा भागच नसल्यामुळें नोंद जवळजवळ तत्क्षणीं सांपडते. आमचा लॅपटॉप सुरू होण्यास सुमारें दहा मिनिटें घेत असे. या एका बदलानें तो मिनिटाच्या आंत कामास लागला. फिरत्या डिस्कवर विखुरलेल्या नोंदी एकत्र लावण्याचा उपाय एसएसडीवर करूं नये. त्यापासून लाभ नाहीं, उलट झीज होते.

मेमरी ४ जीबी असल्यास ती ८ जीबी केल्यानें फरक दिसतो. मात्र विकत घेण्यापूर्वीं यंत्रास कोणत्या जातीची मेमरी बसते तें पाहावें. डीडीआर-३ च्या जागीं डीडीआर-४ बसत नाहीं, व कित्येक पातळ लॅपटॉपमध्यें मेमरी मूळ पटलासच झाळलेली असते.

६. प्रणाली

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. विंडोज ११ साठीं टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते, ती पुष्कळ जुन्या यंत्रांत नसते. अशा यंत्रावर लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली चालूं शकते. ती आधीं पेनड्राइव्हवरून चालवून पाहावी, आणि सोसायटीचा हिशेबाचा कार्यक्रम, छपाईयंत्र व डिजिटल सहीची किल्ली तीवर चालते याची खात्री झाल्यावरच बसवावी.

उपसंहार

मूळ पटल नादुरुस्त असेल किंवा भागांचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यावर जात असेल, तर जुन्याचा मोह धरूं नये. परंतु निदान, नक्कल, सफाई, अडगळ काढणें व शेवटीं भाग बदलणें या क्रमानें गेल्यास बरींच यंत्रें आणखी कांहीं वर्षें चाकरी देतात. आमच्या मंडळानें नव्या खरेदीचा ठराव मागें घेतला आहे, आणि दर शनिवारीं नक्कल घेण्याचा ठराव त्याच्या जागीं नोंदविला आहे.