नामांतर, लोकमान्यता आणि 'विजया'

एकाच द्रव्यास अनेक पर्यायनामे देण्याची निघंटूंची परंपरा जुनी आहे. त्या नामांतून रूप, गुण व कर्म यांचा बोध होतो. परंतु लोकांचा संकोच दूर करण्यासाठी त्यांतील एकच नाम निवडून पुढे केले, म्हणजे पर्यायनामाचे प्रयोजनच बदलते. भांगेच्या उदाहरणावरून याचा विचार करू.

भावप्रकाश निघंटूत भांगेस 'विजया' हे नाम आहे, तसेच 'मादिनी' हेही आहे. 'मादिनी' हे नाम द्रव्याचे मदकारी कर्म उघड सांगते. अलीकडे वेष्टनांवर व जाहिरातींत मात्र 'विजया' हेच नाम ठळक दिसते. ते असत्य नाही. पण सामान्य रुग्णास त्यावरून भांग ओळखता येत नाही.

दुसरी अडचण अशी की, हरीतकीच्या सात भेदांतही 'विजया' आहे. पवनानगर व एकूण मावळच्या डोंगरपट्ट्यात हिरडा सर्वपरिचित आहे. नवख्या साहाय्यकाने 'विजया' म्हणजे हिरडा समजल्यास अनर्थ ओढवेल.

व्यापारात नामांतर नवे नाही. न्यूझीलंडमधील 'चायनीज गूजबेरी' १९५९ मध्ये 'किवी' झाली; फळ तेच राहिले. कॅनडात १९७० च्या दशकात 'कॅनोला' हे नाव आले, ते मात्र इरुसिक आम्ल कमी असलेल्या सुधारित वाणास. तेथे नावाबरोबर द्रव्यही बदलले होते. भांगेचे तसे नाही.

औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांच्या अनुसूची ई(१) मधील विषारी द्रव्यांत बिया वगळता भांगेचा समावेश आहे. अशा द्रव्याच्या पोटात घ्यावयाच्या औषधावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, ही सूचना आवश्यक असते.

यास्तव पुढील पथ्य पाळावे :

१. चिठ्ठीवर 'विजया (भांग)' असे स्पष्ट लिहावे. जातीफलादि चूर्णासारख्या योगातही भांग असल्याचे रुग्णास सांगावे.

२. गुंगी येणे, वाहन न चालविणे, मद्य व झोपेच्या गोळ्या टाळणे याची समज द्यावी. गर्भिणीस असे औषध देऊ नये.

३. औषधालयात ही औषधे हिरड्याच्या चूर्णापासून वेगळ्या कप्प्यात ठेवावीत.

भांगेचे नाव ऐकून एखादा रुग्ण औषध नाकारील. तो त्याचा अधिकार आहे. अशा वेळी वैद्याने दुसरा योग योजावा.