पाण्याखालची गणती

मुलांनो, पोवळं म्हटलं की आपल्याला आजीच्या अंगठीतला लाल खडा आठवतो. तो प्रवाळच, पण समुद्रात भिंती बांधणारा नव्हे. आपल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ सुमारे ३५० मैलांची जी प्रवाळरांग आहे, ती बांधणारे प्रवाळ निराळे. आपल्या वर्गात आठ वर्षं मराठी शिकलेली एक ताई आता कॉलेजात समुद्रजीवशास्त्र शिकते. उन्हाळ्यात तिने की लार्गोजवळ स्कूबा करून या प्रवाळांचा अभ्यास केला. गेल्या रविवारी तिने वर्गात जे सांगितलं, ते आम्ही पालकांनी टिपून घेतलं.

प्रवाळ हा दगड नव्हे, झाडही नव्हे. तो प्राणी आहे. एकेक जीव बहुतेकदा मोहरीएवढा किंवा हरभऱ्याएवढा. तो चुन्याचं घर बांधतो आणि अंगात सूक्ष्म शैवालाला भाडेकरू म्हणून ठेवतो. शैवाल उन्हात साखर तयार करतं आणि भाड्यापोटी ती प्रवाळाला देतं. प्रवाळाचा रंगही बराचसा शैवालाचाच. पाणी फार तापलं की भाडेकरू जातात आणि प्रवाळ पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही, पण उष्णता आठवडेच्या आठवडे टिकली तर उपाशी मरतो.

पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं खुणांनी. तिथे अंगठा वर केला तर अर्थ होतो ‘वर चल’! एका मुलाने सुंदर मासा पाहून खुशीने अंगठा दाखवला, आणि जोडीदाराने त्याला थेट वर आणलं. ऐकू मात्र येतं. पोपटमासा चोचीने खडकावरचं शैवाल खरवडतो तेव्हा कोणी चकली खात असल्यासारखा आवाज येतो. शैवालाबरोबर पोटात गेलेला खडक तो बारीक वाळू करून मागे सोडतो.

ताईचं काम होतं गणतीचं. तळावर १० मीटरची फीत पसरायची आणि दर १० सेंटिमीटरला फितीच्या बरोबर खाली काय आहे, ते प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहायचं. अशा १०० नोंदी. प्रवाळाला हात लावायचा नाही, पायाचे पंखही लागू द्यायचे नाहीत. आम्हा संगणकवाल्यांना ही पद्धत फार आवडली: आपल्याला आवडेल ते लिहायचं नाही, फितीखाली येईल ते लिहायचं.

तिची पाटी अशी होती: शैवाल, शैवाल, वाळू, स्पंज, शैवाल... शंभरात जिवंत प्रवाळ फक्त दोनदा. तिला वाटलं, आपलंच काही चुकलं. शिक्षक म्हणाले, नाही, बरोबर आहे. २०१९ मध्ये इथल्या सात खडकांवर प्रवाळ पुन्हा लावायची योजना ठरली, तेव्हाही शास्त्रज्ञांचा आकडा सुमारे २ टक्केच होता. २०१४ पासून मायामीजवळून एक रोग पसरला. मग जुलै २०२३ मध्ये मॅनाटी बे या उथळ खाडीत पाणी १०१ अंश फॅरनहाइटवर गेलं. त्या उन्हाळ्यात हरणाच्या शिंगांसारख्या फांद्यांचे प्रवाळ इतके मेले की, २०२५ च्या एका अभ्यासानुसार, थोडे उरले असले तरी भिंत बांधायचं काम आता त्यांच्याच्याने होत नाही. पाण्याखालच्या रोपवाटिकांमधले हजारो तुकडे मात्र लोकांनी वेळेत जमिनीवरच्या टाक्यांमध्ये हलवले होते. अशा टाक्यांतल्या तुकड्यांभोवतीचं शैवाल टूथब्रशने घासायचं कामही ताईने केलं.

कंटाळा नाही आला? असं आम्ही विचारलं. ती म्हणाली, त्या दोनांपैकी एक प्रवाळ मेंदूसारख्या वळ्यांचा, बास्केटबॉलएवढा होता. हा वर्षाला काही मिलिमीटरच वाढतो, म्हणजे तिच्याहून वयाने बराच मोठा. म्हणून ती त्याला ‘अहो’ म्हणते!

(पालकांसाठी: मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळही प्रवाळ आहेत आणि तिथे स्कूबा करता येतं. पण जून-जुलैच्या सुट्टीत गेलात तर पावसामुळे ते बंद असतं.)

गृहपाठ: अंगणात १० मीटरची दोरी पसरा. दर १० सेंटिमीटरला दोरीखाली काय आहे ते मराठीत लिहा: गवत, माती, मुंगी, वाळकं पान. नाव येत नसेल तर आजी-आजोबांना फोन करून विचारा. शंभर नोंदींचा कागद पुढच्या रविवारी घेऊन या.