लिनक्सवर चिनी लिहायचंय? मग एवढं ऐक

बाळा, चिनीचा वर्ग लावलास, लॅपटॉपवर लिनक्स चढवलंस, आणि आता मावशीला फोन की 'नी हाओ' काही उमटत नाही! उमटेल रे. मराठीत कळ दाबली की अक्षर पडतं. चिनीत आधी उच्चार रोमन अक्षरांत लिहायचा आणि मग पुढे आलेल्या यादीतून हवं ते चिन्ह उचलायचं. या रोमन लेखनाला पिनयिन म्हणतात, चीनने ते 1958 साली स्वीकारलं. तेव्हा नुसता कीबोर्ड बदलून भागायचं नाही, मध्ये एक दुभाषी बसवावा लागतो. चहा घेऊन बस आणि क्रमाने कर.

1. आधी फॉन्ट, मग बाकी सगळं – चिनी फॉन्ट नसला तर अक्षर बरोबर पडूनही तुला रिकामा चौकोनच दिसेल, आणि तू निष्पाप सेटिंग्ज उकरत बसशील. डेबियन-उबुंटूवर 'फॉन्ट्स-नोटो-सीजेके' हे पॅकेज पुरतं.

2. फॉन्ट बसला की 'हाड' या अर्थाचं अक्षर मोठं करून बघ (उच्चार 'गू', हसून घे एकदाचं). वरच्या चौकटीतला छोटा कोपरा चीनमध्ये डावीकडे असतो, जपानमध्ये उजवीकडे. तुला उजवीकडे दिसला तर फॉन्टच्या पसंतीत 'एससी' प्रकार वर आण – युनिकोडमध्ये दोन्ही देशांचं अक्षर एकाच क्रमांकावर आहे, त्यामुळे वळण कुठलं ते फॉन्टच ठरवतो, नाहीतर वहीत तू जपानी वळण गिरवत बसशील.

3. सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये तुझं सत्र वेलँडचं आहे की एक्स11चं (पडद्यावर खिडक्या मांडायच्या या दोन पद्धती), ते आधी वाच – पुढचे निम्मे उपाय एकाला औषध आहेत आणि दुसऱ्याला अपथ्य.

4. डेस्कटॉप ग्नोमचा असेल तर आयबस नावाचा दुभाषी आधीच आत बसलेला असतो. 'आयबस-लिबपिनयिन' तेवढं घाल आणि कीबोर्डच्या 'इनपुट सोर्सेस'मध्ये जाऊन 'चायनीज (इंटेलिजंट पिनयिन)' निवड – तिथेच नुसतं 'चायनीज' असंही एक नाव दिसतं, ते साळसूदपणे इंग्रजी अक्षरंच टाइप करतं. बहुतेकांचा पहिला रविवार त्यातच जातो.

5. डेस्कटॉप केडीईचा असेल तर एफसीआयटीएक्स 5 हा दुसरा दुभाषी घे (तोंडी 'फायटिक्स'), सोबत त्याचं 'चायनीज-अॅडऑन्स' आणि सेटिंगचं पॅकेज. यादीत पिनयिन सापडलं नाही तर 'फक्त सध्याची भाषा दाखवा' ही खूण काढ – तुझा डेस्कटॉप इंग्रजीत आहे, म्हणून ते चिनी लपवून ठेवतं.

6. केडीई वेलँडवर असेल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या 'व्हर्च्युअल कीबोर्ड'मध्ये एफसीआयटीएक्स 5 निवड. नाव वाचून बुचकळ्यात पडू नकोस – खरी जोडणी त्याच पानावर होते, पडद्यावरच्या कीबोर्डशी तिचा संबंध नाही.

7. आयबस आणि फायटिक्स एका वेळी चालू ठेवू नकोस, आणि फायटिक्सची जुनी चौथी आवृत्ती पाचवीच्या शेजारी नको – दोन कारभारी, काम राहिलं दारी.

8. नेटवरच्या प्रत्येक सल्ल्यात सेटिंगच्या तीन ओळी सापडतील: जीटीके_आयएम_मॉड्यूल, क्यूटी_आयएम_मॉड्यूल आणि एक्समॉडिफायर्स. एक्स11वर त्या हव्यातच, पण केडीईच्या वेलँडवर पहिल्या दोन सगळ्या यंत्राला लावू नकोस – तिथे जोडणी वेलँडकडूनच होते. तिसरी राहू दे, जुन्या एक्सच्या अॅप्सना ती लागते.

9. बदल केलास की लॉगआऊट करून परत ये, मगच मत बनव – वरच्या तीन ओळी सत्र सुरू होतानाच वाचल्या जातात. आणि एका वेळी एकच बदल कर, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

10. फायटिक्सच्या यादीत सर्वांत वर इंग्रजी ठेव, पिनयिन त्याखाली – वरचं नाव म्हणजे त्याची विश्रांतीची जागा, तिथे चिनी बसवलंस तर बंद करायला काही उरत नाही. आणि हो, त्याच यादीत मराठीही बसते, 'एम17एन'चं पॅकेज घातलंस की. आईला चिनीत निरोप पाठवायचा नाहीये तुला.

11. टर्मिनलमध्ये शिरण्यापूर्वी इंग्रजीवर ये – चिनी अर्धविराम दिसतो आपल्यासारखाच, फक्त थोडा ऐसपैस बसतो, पण आज्ञा तेवढ्यानेच मोडते. कंट्रोल आणि टिंब एकत्र दाबलं की चिनी विरामचिन्हं बंद-चालू होतात.

12. एके दिवशी सगळी अक्षरं अचानक गुंतागुंतीची दिसू लागली तर घाबरू नकोस, कंट्रोल-शिफ्ट-एफ परत दाब – त्या कळांनी सरलीकृत चिनी अक्षरांचं पारंपरिक होतं, आणि कोड लिहायच्या कित्येक एडिटरांत त्याच कळांनी सगळ्या फायलींत शोध घेतात. दोन्ही लागत असेल तर एकाची कळ बदलून टाक.

13. अक्षर-अक्षर लिहू नकोस, आख्खा शब्द लिही, जमलं तर वाक्यच – 'शी' एवढ्या एका उच्चाराला डझनावारी अक्षरं आहेत. पण 'झोंगग्वो' सलग लिहिलंस की चीनचं नाव पहिल्या क्रमांकावर येतं, स्पेस दाबली की काम झालं.

14. 'न्यू' म्हणजे बाई आणि 'ल्यू' म्हणजे हिरवा. यांतल्या दोन टिंबांच्या 'यू'साठी 'व्ही' दाब – पिनयिनला 'व्ही'चं दुसरं कामच नाही. आणि शीआन शहर लिहिताना 'एक्सआय' आणि 'एएन' यांच्या मध्ये एक अॅपॉस्ट्रॉफी टाक – नाहीतर दुभाषी ते एकच अक्षर 'श्येन' समजतो आणि मातीच्या सैनिकांचं गाव यादीत खाली बसतं.

15. 'झेड' की 'झेडएच', 'एन' की 'एनजी' असा घोळ होत असेल तर 'फझी पिनयिन' चालू कर, पण ज्या जोडीत खरंच चुकतोस तेवढीच – सगळ्या लावल्यास तर यादी मारुतीच्या शेपटीएवढी होते, आणि कानही सुधारत नाही.

16. चुकीचं अक्षर आळसाने निवडून पुढे जाऊ नकोस – दुभाषी तुझ्या निवडी लक्षात ठेवतो. आज दिली ढिलाई, उद्या तीच पहिली येई. फायटिक्समध्ये नको असलेला शब्द कंट्रोल-7 दाबून विसरायला लावता येतो.

17. शिकवलेले शब्द जपून ठेव. फायटिक्स ते होम फोल्डरातल्या '.लोकल/शेअर'मध्ये ठेवतं, तो फोल्डर बॅकअपमध्ये घे. आयबसचं लिबपिनयिन मात्र '.कॅशे'मध्ये ठेवतं – जागा करायला म्हणून कॅशे पुसलीस की वर्षभराची शिकवणी गेली.

18. एखाद्या अॅपमध्ये उमटेना, तर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये बघ, मग 'एफसीआयटीएक्स5-डायग्नोज' चालव – आधी निदान, मग निंदा. वेलँडवर क्रोमियमच्या जातीची अॅप्स कधीकधी हट्ट करतात, त्यांना सुरू करताना 'एनेबल-वेलँड-आयएमई' असं सांगावं लागतं.

19. राइम नावाच्या इनपुट इंजिनाच्या नादी इतक्यात लागू नकोस – ते फार लवचीक आहे, पण प्रत्येक बदल फाइलीत लिहून नव्याने 'डिप्लॉय' करावा लागतो, आणि त्याचं नेहमीचं पिनयिन मुळात पारंपरिक अक्षरंच देतं. तैवानी पुस्तकं वाचायला लागलास की बघू. परीक्षेपुरतं साधं पिनयिन भरपूर झालं.